सायबरस्पेसचे चित्र आपल्या डोळ्यांसमोर कोठून आले?

प्रश्न | चित्रकलाशिक्षक, सोलापूर

नमस्कार. मी सोलापुरातील एका माध्यमिक शाळेत चित्रकला शिकवतो. शाळेच्या जिन्यालगत बारा फूट लांब आणि सात फूट उंच अशी एक कोरी भिंत आहे. ती यंदा आठवीच्या वर्गाने रंगवायची असे ठरले आणि विषय मुलांनीच निवडला, तो म्हणजे इंटरनेट. कच्ची चित्रे मागवली तेव्हा जवळजवळ सगळ्या वर्गाने तीनच गोष्टी काढलेल्या दिसल्या. निळा पृथ्वीगोल आणि त्याभोवती कोळ्याचे जाळे, काळ्या कागदावर वरून खाली ओघळणारी हिरवी अक्षरे, किंवा रात्रीच्या अंधारात उंचावरून दिसणारे, प्रकाशाच्या रेघांनी आखलेले शहर. या मुलांपैकी कित्येक जण अजून पुण्यापलीकडे गेलेली नाहीत, मग हे शहर त्यांनी कुठे पाहिले, हा प्रश्न माझ्या मनातून जात नाही.

एका मुलाने मात्र आपल्या गल्लीतील विजेचा खांब काढला होता. खांबाला बांधलेला काळा डबा, त्याखाली लोंबणारी केबलची वेटोळी आणि तारेवर बसलेला एक कावळा, एवढेच चित्र होते. वर्ग हसला, आणि मीही त्याला म्हणालो, ‘यात इंटरनेट कुठे आहे? निदान मागे पृथ्वीगोल तरी काढ.’ त्याने निमूटपणे काढला. घरी येऊन कागद पुन्हा पाहिला तेव्हा लक्षात आले, की गोलासाठी जागा करताना त्याने खांबच खोडून टाकला आहे. तो करडा डाग दोन दिवस माझ्या डोळ्यांसमोर आहे.

म्हणून भिंतीला हात लावण्यापूर्वी जाणकारांना विचारतो. जी जागा कोणी पाहिलेली नाही तिची ही चित्रे प्रथम कोणी काढली? चित्रपटांनी ती कशी घडवली? आणि कोणी इंटरनेटचा खराखुरा, मोजून काढलेला नकाशा केला आहे का?

उत्तर १ | अंधारातला प्रेक्षक

सर, मुलांनी ते शहर चित्रपटांत पाहिले आणि चित्रपटवाल्यांनी ते व्हिडिओ गेमच्या पडद्यावर पाहिले, असे म्हणता येईल. ‘सायबरस्पेस’ हा शब्द विल्यम गिब्सन यांनी १९८२ साली एका कथेत वापरला आणि १९८४ च्या ‘न्यूरोमॅन्सर’ या कादंबरीमुळे तो सर्वत्र पोहोचला. डेन्मार्कमधील सुझान उसिंग आणि कार्स्टन हॉफ या कलाकार जोडीने त्याही आधी, १९६० च्या दशकाच्या अखेरीस, हाच शब्द आपल्या कलाकृतींसाठी घेतला होता. परंतु त्यांच्या मनात संगणकांचे जाळे नव्हते, माणसाला प्रतिसाद देणारी खरीखुरी, वावरता येण्याजोगी जागा होती. गिब्सन यांना संगणकाचा अनुभव जवळजवळ नव्हता आणि कादंबरी त्यांनी साध्या टाइपरायटरवर लिहिली. व्हँकूव्हरमध्ये गेम खेळणारी मुले पडद्याकडे अशी झुकलेली त्यांना दिसली, की जणू काचेच्या पलीकडे एखादी जागाच आहे. त्या दृश्यातून आपल्याला ही कल्पना सुचल्याचे त्यांनी अनेकदा सांगितले आहे.

आता त्या काळचा पडदा कसा होता ते लक्षात घ्या. १९७९-८० च्या सुमारास गाजलेले काही खेळ व्हेक्टर पडद्यावर चालत. त्यात इलेक्ट्रॉनचा झोत काळ्या काचेवर थेट रेघ ओढत असे, त्यामुळे रंगाने भरलेली जागा दाखवणे अवघड होते आणि उजळ रेघ काढणे सोपे होते. काळी पोकळी आणि तिच्यात चमकणाऱ्या रेघा हे ‘भविष्याचे’ रूप त्या उपकरणाच्या मर्यादेतून आले आहे, आणि ती मर्यादा संपून चार दशके झाली तरी आपण तेच रूप गिरवतो आहोत.

१९८२ चा ‘ट्रॉन’ आपल्या मुलांना अवश्य दाखवा, कारण तो चित्रकलेच्या तासाला साजेसा आहे. दिग्दर्शक स्टीव्हन लिसबर्गर यांना पाँग या खेळावरून कल्पना सुचली होती. संगणकाच्या आतले जग दाखवणाऱ्या या चित्रपटात संगणकाने तयार केलेली दृश्ये जेमतेम पंधरा-वीस मिनिटांची आहेत. बाकीचे काम हाताचे आहे. नटांचे चित्रीकरण कृष्णधवल फिल्मवर केले, एकेक चौकट मोठ्या पारदर्शक फिल्मवर उतरवली, हाताने मुखवटे, म्हणजे प्रकाश अडवणारी काळी झाकणे, कापून आणि मागून दिवा लावून तिच्यात रंगीत प्रकाश भरला. नटांच्या पोशाखावर लखलखणारी प्रत्येक रेघ अशी हजारो चौकटींतून उजळत गेली आहे. दृश्यकल्पनेसाठी सिड मीड आणि ‘मोबियस’ या नावाने ओळखले जाणारे फ्रेंच चित्रकार जाँ जिरो यांच्यासारखे कलाकार होते. त्या चित्रपटाचे काम करणाऱ्या केन पर्लिन यांना ती चित्रे फार गुळगुळीत, फार यंत्रासारखी वाटली. त्या असमाधानातून त्यांनी संगणकाच्या चित्रात ढग, दगड, लाकूड यांचा ओबडधोबडपणा आणणारी गणिती रीत शोधली, आणि ती आजही सर्वत्र वापरली जाते.

१९९५ च्या ‘हॅकर्स’मध्ये माहितीचे उंच मनोरे असलेले शहर दिसते. तेही बऱ्याच अंशी प्रतिकृती बांधून आणि जुन्या पद्धतीच्या चित्रीकरणाने केलेले आहे. उलट १९९३ च्या ‘जुरासिक पार्क’मध्ये एक मुलगी पडद्यावरील ठोकळ्यांच्या मैदानावरून उडत जाऊन फाइल शोधते, ते दृश्य अनेकांना बनावट वाटले, प्रत्यक्षात तो सिलिकॉन ग्राफिक्स कंपनीचा खराखुरा प्रोग्रॅम होता.

हिरव्या अक्षरांचे मूळ जुन्या एकरंगी मॉनिटरच्या हिरव्या चमकेत आहे. १९९५ च्या ‘घोस्ट इन द शेल’ या जपानी चित्रपटाच्या श्रेयनामावलीत ती दिसली आणि १९९९ च्या ‘द मेट्रिक्स’ने ती जगभर नेली. ती अक्षरे रचणारे सायमन व्हाइटली यांनी पुढे सांगितले, की त्यांनी ती आपल्या पत्नीच्या जपानी पाककृतींच्या पुस्तकांतून घेतली. आपल्या वर्गातील मुलांनी काढलेला तो गूढ हिरवा पाऊस एका घरातल्या स्वयंपाकाच्या पुस्तकातून आला आहे, हे त्यांना आवर्जून सांगा.

उत्तर २ | निवृत्त दूरसंचार कर्मचारी

वरील माहिती उत्तम आहे, तरी एका बाबतीत माझे मत वेगळे आहे. चित्रपटांनी इंटरनेट नेहमी वरून दाखवले, आणि जिथून ते तसे दिसेल अशी जागा या जगात नाही. आम्ही आयुष्यभर ते एका टोकाकडून, वायर हातात धरून पाहिले.

सर, प्रथम त्या मुलाच्या खांबाविषयी लिहितो. तो काळा डबा म्हणजे फायबरचा, म्हणजे प्रकाशाच्या रूपात माहिती नेणाऱ्या काचेच्या तंतूंचा, जॉइंट असतो. दोन केबलींची टोके जोडायची असतील तर वरचे आवरण सोलून आतली काच स्वच्छ करावी लागते, ती काटकोनात तोडावी लागते आणि मग छोट्या यंत्रात विजेच्या ठिणगीने दोन्ही टोके एकमेकांत वितळवावी लागतात. ती काच १२५ मायक्रॉन जाडीची, म्हणजे साधारण केसाएवढी असते, आणि ज्या गाभ्यातून प्रकाश जातो तो तर ९ मायक्रॉनच्या आसपास असतो. हे काम खांबावर लटकून होत नाही. जॉइंट खाली उतरवून टेबलावर ठेवावा लागतो आणि तेवढ्यासाठी केबलची काही वेटोळी जादा सोडलेली असतात. त्या मुलाने वेटोळीसुद्धा काढली, म्हणजे त्याने नीट पाहिले आहे. त्याच्या चित्रात इंटरनेट होते.

आता खऱ्या नकाशांविषयी. इंटरनेटचा पूर्वज असलेल्या आर्पानेटचे डिसेंबर १९६९ मधील एक रेखाटन प्रसिद्ध आहे. हाताने काढलेली चार वर्तुळे, प्रत्येकाला जोडलेला एक चौकोन आणि मध्ये काही रेघा. कॅलिफोर्नियातील तीन आणि युटामधील एक अशी चार ठिकाणे, आणि त्या दिवशी सगळे जाळे एवढेच होते. पुढे ठिकाणे वाढली तेव्हा दोन प्रकारचे नकाशे निघू लागले. एकात अमेरिकेच्या बाह्यरेषेवर गावे असत, तर दुसऱ्यात देशच नसे, कोणते यंत्र कोणाला जोडले आहे एवढेच असे. लंडनच्या भुयारी रेल्वेचा हॅरी बेक यांचा १९३३ चा नकाशा याच दुसऱ्या जातीचा आहे. तिथे अंतराला किंमत नाही, क्रमाला आहे.

जाळे हाताने काढण्याच्या पलीकडे गेल्यावर ते मोजण्याची युक्ती कामास आली. ट्रेसराउट नावाचा एक छोटा प्रोग्रॅम आहे. आपण पाठवलेल्या प्रत्येक पाकिटावर, म्हणजे माहितीच्या छोट्या तुकड्यावर, एक आकडा असतो आणि वाटेतील प्रत्येक राउटर, म्हणजे पाकिटाला पुढची वाट दाखवणारे यंत्र, तो एकाने कमी करतो. आकडा शून्य झाला की तिथला राउटर पाकीट टाकून देतो आणि ‘याची मुदत संपली’ असा निरोप उलट पाठवतो. म्हणून आधी १ आकडा घालून पाकीट पाठवायचे, मग २, मग ३, आणि जो जो राउटर निरोप पाठवेल त्याचा पत्ता टिपून ठेवायचा. सिद्धेश्वरांच्या यात्रेत नंदीध्वजांबरोबर ६८ लिंगांची वाट चाललेल्या माणसाच्या मनात सोलापूरचा जो नकाशा असतो तो असाच असतो. त्याने शहर वरून पाहिलेले नसते, पण कोणत्या लिंगानंतर कोणते लिंग येते हे त्याच्या पायांना ठाऊक असते.

१९९८ मध्ये बेल लॅब्जमधील बिल चेसविक आणि हॅल बर्च यांनी एका ठिकाणाहून रोज अशी असंख्य पाकिटे जगभर पाठवून इंटरनेटचा नकाशा काढायला सुरुवात केली. त्यांची ती रंगीत, प्रवाळासारखी फांद्या फुटलेली चित्रे आपण कुठे ना कुठे पाहिली असतील. ती झाडासारखी दिसतात यामागे एक साधे कारण आहे आणि ते क्वचितच सांगितले जाते. एकाच बिंदूवरून निघालेल्या वाटा कागदावर मांडल्या की झाडच तयार होते. जाळ्याचे आडवे दुवे त्यात फारसे येतच नाहीत. म्हणजे तो इंटरनेटचा आकार जितका आहे तितकाच मोजणाऱ्याच्या खुर्चीचाही आहे. त्याच दोघांनी १९९९ मध्ये युगोस्लाव्हियावर बाँबहल्ले चालू असताना तेथील जाळे रोज मोजले, आणि दिवसागणिक फांद्या नाहीशा होत गेलेल्या त्या चित्रांत दिसतात. माझ्या मते इंटरनेटच्या साऱ्या चित्रांत ती सर्वांत गंभीर आहेत. बॅरेट लायन यांनी २००३ मध्ये सुरू केलेल्या ‘ऑप्ट’ प्रकल्पाचे तेजोमेघासारखे चित्र न्यूयॉर्कच्या आधुनिक कलासंग्रहालयाने आपल्या संग्रहात घेतले आहे.

शेवटची गोष्ट समुद्राची. खंडाखंडांमधील बहुतेक सगळी माहिती समुद्रतळावरील केबलींतून जाते आणि खोल समुद्रात अशी केबल बागेला पाणी घालायच्या नळीएवढीच जाड असते. त्यांतील अनेक मुंबई आणि चेन्नई येथे किनाऱ्याला लागतात. जानेवारी २००८ च्या अखेरीस इजिप्तच्या अलेक्झांड्रियाजवळ केबली तुटल्या तेव्हा भारतातील इंटरनेट मंदावले होते. त्या दिवसांत लोक आमच्यावर चिडून येत आणि मी त्यांना भिंतीवरच्या जगाच्या नकाशावर बोट ठेवून दाखवत असे, की बिघाड आपल्या शहरात नाही, तो इथे आहे. ट्रेव्हर पॅग्लन या अमेरिकी कलाकाराने समुद्रात बुडी मारून अशा केबलींची छायाचित्रे काढली आहेत. हिरवट पाणी, वाळू आणि तिच्यावरून गेलेली एक काळी रेघ यांखेरीज त्यांत काही नाही.

उत्तर ३ | भूगोल शिक्षिका, बार्शी

सर, दोन नोंदी. पत्त्यांचाही, म्हणजे इंटरनेटवरील यंत्रांना दिलेल्या क्रमांकांचाही, नकाशा होऊ शकतो. इंटरनेटच्या जुन्या पद्धतीत एकूण पत्ते सुमारे ४२९ कोटी आहेत. रँडल मनरो यांनी २००६ मध्ये आपल्या ‘एक्सकेसीडी’ या चित्रमालिकेत ते सगळे एका चौकोनात मांडले, आणि लगतचे आकडे कागदावरही लगत राहावेत म्हणून हिल्बर्ट वक्राची नागमोडी वाट वापरली. तो नकाशा जमीन महसुलाच्या गटनकाशासारखा वाचता येतो. सुरुवातीच्या काळात काही मोजक्या अमेरिकी संस्थांना आणि कंपन्यांना प्रत्येकी १ कोटी ६७ लाख पत्त्यांचे सलग भूखंड मिळाले होते, ते त्यात ठसठशीत दिसतात. त्यापूर्वी १९९९ मध्ये लिसा जेवब्रॅट यांनी ‘१:१’ या कलाकृतीत वेबवरील पत्त्यांना एकेक रंगीत ठिपका दिला होता, आणि ठिपक्यावर बोट ठेवले की त्या ठिकाणी जाता येत असे. नकाशा आणि प्रदेश एकच झाले तर काय होते, हे मी नववीच्या वर्गाला त्याच उदाहरणाने शिकवते.

दुसरी नोंद आपल्या मुलांना करून पाहता येण्याजोगी आहे. ऑस्लो येथे टिमो अर्नाल आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी २०११ मध्ये चार मीटर उंचीच्या काठीवर दिव्यांची ओळ बसवली. वाय-फायचा जोर जितका जास्त तितके अधिक दिवे लागत. रात्री ती काठी घेऊन रस्त्याने चालायचे आणि कॅमेऱ्याचे झाकण तोवर उघडे ठेवायचे. छायाचित्रात त्या रस्त्यावरील अदृश्य जाळ्याचा उभा छेद पांढऱ्या प्रकाशाच्या भिंतीसारखा उमटला, इमारतींजवळ उंच आणि मोकळ्या जागी ठेंगणा. चार मीटरची काठी नको; शिक्षकांच्या मोबाइलवर सिग्नलचा आकडा वाचून, शाळेभोवतीच्या रस्त्यावर दर दहा पावलांनी एक पट्टी रंगवली तरी पुरे.

उत्तर ४ | पूर्व भाग, सोलापूर

नमस्कार सर. आमच्या घरी तेलुगू बोलतात, मी मराठी शाळेत शिकलो आणि घरात तीन पिढ्यांचा मागाचा धंदा आहे, म्हणून थोडे लिहायचे धाडस करतो.

नाम जून पाइक या कोरियन-अमेरिकी कलाकाराची १९९५ ची ‘इलेक्ट्रॉनिक सुपरहायवे’ ही कलाकृती मी चित्रांतून पाहिली आहे. अमेरिकेतील राज्यांच्या सीमा निऑनच्या नळ्यांनी आखलेल्या आणि आत ३३६ दूरचित्रवाणी संच. नळ्यांचे रंग तिकडच्या महामार्गांवरील खानावळी आणि मुक्कामाच्या जागांच्या पाट्यांचे आहेत. अमेरिकेत पहिल्यांदा आल्यावर त्या माणसाने जे रस्ते पाहिले त्यांनीच त्याने हे जाळे काढले. ते वाचल्यापासून मला वाटते, की सोलापूरच्या मुलांनी ते धाग्यांनी काढावे. सजावट म्हणून नव्हे, कारण संगणकाचे आणि मागाचे नाते खरे आहे.

आमच्या जुन्या मागावर जकार्ड, म्हणजे नक्षी विणण्यासाठी धागे उचलणारे यंत्र, होते. पुठ्ठ्याच्या कार्डाला भोक असेल तर सुई आत जाते आणि ताण्याचा, म्हणजे उभा, धागा उचलला जातो; भोक नसेल तर धागा खालीच राहतो. दोनच उत्तरे, हो किंवा नाही. चादरीच्या प्रत्येक आडव्या धाग्याला अशी स्वतंत्र नोंद लागते आणि कार्डे दोरीने ओवून त्यांची माळ मागाच्या डोक्यावर फिरत राहते. जोसेफ मारी जकार्ड यांचे हे यंत्र १८०४ मधले. १८३९ मध्ये त्यांचेच चित्र रेशमात विणण्यात आले, त्याला २४ हजार कार्डे लागली, आणि त्याची एक प्रत गणकयंत्राची कल्पना मांडणाऱ्या चार्ल्स बॅबेज यांनी आपल्या घरी लावली होती. १८४३ मध्ये गणितज्ञ एडा लव्हलेस यांनी लिहिले, की जकार्डचा माग जशी फुले आणि पाने विणतो तसे बॅबेज यांचे यंत्र बीजगणिताची नक्षी विणते.

मी लहान असताना एका चादरीच्या मोराच्या मानेवर नको तिथे एक पांढरा ठिपका येऊ लागला. आमचे ताता, म्हणजे आजोबा, चादर उलटी पसरून बसले, काठापासून आडव्या ओळी बोटाने मोजत ठिपक्यापर्यंत आले, तोच आकडा घेऊन माळेकडे गेले आणि त्यांनी बरोबर ते कार्ड काढले. चुकून पडलेले एक भोक होते. कागदाचा बारीक तुकडा खळीने चिकटवला आणि माग पुन्हा चालू केला. वरील काकांनी ट्रेसराउटविषयी लिहिलेले वाचताना मला ते ओळीवरून फिरणारे बोट आठवले. आणखी एक, दोन रंगांच्या चादरीत जो रंग वर दिसत नाही तो मागे गेलेला असतो, नाहीसा झालेला नसतो. समुद्रातील केबलींचेही तसेच असावे.

माग भंगारात गेला तरी कार्डांची एक माळ आम्ही ठेवली आहे. सर, शाळेला हवी असेल तर देतो, परत करण्याची घाई नाही.

प्रश्नकर्ता | चित्रकलाशिक्षक, सोलापूर

आपण सर्वांनी इतक्या आपुलकीने लिहिले, मनःपूर्वक आभार. काल वर्गात ‘ट्रॉन’मधील काही चौकटी आणि १९६९ च्या चार वर्तुळांचे रेखाटन दाखवले. चार वर्तुळे पाहून मुलांचा विश्वास बसेना. त्यानंतर शाळेच्या संगणक कक्षात ट्रेसराउट चालवला, तेरा टप्पे आले आणि एका मुलीने प्रत्येक टप्पा खडूने फळ्यावर लिहिला. मधल्या दोन टप्प्यांवर फक्त तारांकने आली, म्हणजे तिथून उत्तर आले नाही. त्या जागी काय काढायचे यावर तासाचा उरलेला वेळ वाद झाला. शेवटी त्या दोन जागा भिंतीचा मूळ चुना तसाच ठेवून मोकळ्या सोडायच्या असे मुलांनीच ठरवले.

भिंत आता डावीकडून उजवीकडे वाचायची आहे. टप्पे आडवे धाग्यांनी जोडायचे, समुद्र येईल तिथे एकच काळी रेघ, आणि वरच्या काठाला जकार्डची कार्डे. पूर्व भागातील मित्रांनो, येत्या रविवारी सकाळी मी स्वतः येऊन माळ घेऊन जाईन आणि तातांनी दुरुस्त केलेले कार्ड तिच्यात असेल तर तेवढे ओळखून द्यावे, ते मध्यभागी लावू. दूरसंचारवाल्या काकांना विनंती, की एकदा शाळेत येऊन त्या मुलाशी बोलावे. मी त्याची माफी मागितली आहे. भिंतीच्या डाव्या टोकाला, जिथून सगळी वाट सुरू होते, तिथे तो खांब काढणार आहे. डब्याच्या आत किती कोअर, म्हणजे काचेचे तंतू, असतात हे मोजून कळल्याशिवाय सुरुवात करणार नाही, असे त्याने मला सांगितले आहे, आणि कावळा राहू दे म्हणाला आहे.